खुराड्याचा पाणवठा

ससा पाणी पीत नाही, ओल्या पाल्यावरच त्याची तहान भागते, ही समजूत महाराष्ट्रात इतकी रुजलेली आहे की ससे पाळणाऱ्या अनेक घरांत पिंजऱ्यात पाल्याची टोपली असते, पण पाण्याचे भांडे नसते. वस्तुस्थिती वेगळी आहे. पाळीव सशाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे तीन किलोचा ससा दीडशेपासून साडेचारशे मिलिलिटरपर्यंत पाणी घेऊ शकतो. लसूणघास किंवा कोवळे गवत भरपूर मिळाले तर हा आकडा खाली येतो, सुके गवत आणि गोळीखाद्य दिल्यास वर चढतो, आणि पिलांना पाजणाऱ्या मादीच्या बाबतीत तो याच्या कितीतरी पुढे जातो. सशाच्या आंधळ्या आतड्यात, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरील मोठ्या पिशवीत, जिवाणूंच्या साहाय्याने तंतुमय चारा आंबवला जातो आणि या क्रियेसाठी तेथील मिश्रण पातळ राहावे लागते. पाणी कमी पडले की ते घट्ट होते, आतड्यांची हालचाल मंदावते आणि ससा खाणे सोडतो. दिवस-दोन दिवस न खाणे एवढ्यानेही त्याच्या जिवावर बेतू शकते.

उष्णतेने हा प्रश्न अधिक बिकट होतो. सशाला घाम जवळजवळ येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः कानांतील रक्तवाहिन्यांवाटे आणि श्वासावाटे बाहेर टाकतो, त्यामुळे पुणे परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे गेला की त्याची सहनशक्ती लवकर संपते. कोंबडीचेही तसेच आहे. अंगावर घर्मग्रंथी नसल्याने ती चोच उघडून धापा टाकते आणि प्रत्येक धापेबरोबर शरीरातील पाणी उडून जाते. एरवी दिवसाला पाव लिटर पाण्यावर भागणारी मोठी कोंबडी कडक उन्हाळ्यात अर्ध्या लिटरपर्यंत पाणी पिते. येथे ओघाने सांगितले पाहिजे की हे विवेचन युरोपीय जंगली सशापासून निपजलेल्या न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट यांसारख्या पाळीव जातींविषयी आहे. आपल्या माळरानांवर दिसणारा रानससा हा निराळा प्राणी असून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे.

मुळा नदीकाठचे वाकड १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले आणि शेजारच्या हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान वाढत गेले तशा येथील शेतांवर उंच इमारती उभ्या राहिल्या. तरीही जेथे परस उरला आहे किंवा गच्ची मोकळी आहे तेथे पाच-दहा गावरान कोंबड्या, सशांचे दोन-चार पिंजरे किंवा एखादी शेळी ठेवण्याची हौस संपलेली नाही. या हौसेला येथे एक स्थानिक अडचण आहे. पवना धरणातून सोडलेले आणि रावेत येथून उचललेले पाणी निगडीत शुद्ध होऊन शहराला मिळते. मात्र नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेने एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला आणि तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था पुढे वर्षानुवर्षे कायम राहिली. माणसांनी टाक्या वाढवून आणि टँकर मागवून त्यावर मार्ग काढला. खुराड्यातील पाण्याची व्यवस्था मात्र सकाळी नळ आला की भांडे भरायचे, याच पद्धतीवर बहुधा चालू राहिली, आणि नळ न येण्याच्या दिवशी दुपारी भांडे कोरडे पडले तर ते घरातील कोणाच्या लक्षात येईल याची खात्री उरली नाही.

हिशेब तसा सोपा आहे. दहा कोंबड्यांना कडक उन्हाळ्यात दिवसाला पाच लिटर आणि तीन किलो वजनाच्या चार सशांना सुमारे दोन लिटर धरले, तर एका दिवसाची गरज सात लिटर आणि दोन दिवसांची चौदा लिटर होते. थोडी सांडलवंड आणि नळ उशिरा येण्याची शक्यता जमेस धरून झाकणाची वीस लिटरची बादली एवढ्या कुटुंबाला पुरते. खरा प्रश्न या वीस लिटरांतील प्रत्येक घोट न सांडता, न मळता आणि प्राण्याला हवा त्या क्षणी त्याच्या तोंडाशी कसा पोहोचवायचा, हा आहे.

यावरचा सर्वांत जुना घरगुती उपाय म्हणजे उपडी बाटली. पाण्याने भरलेली बाटली उथळ ताटलीत उपडी ठेवली आणि तिच्या तोंडाजवळ, ताटलीच्या काठाच्या पातळीखाली, एक छिद्र ठेवले, तर पाणी त्या छिद्राच्या वरच्या कडेपर्यंत चढते आणि थांबते. पिल्लांनी पाणी पिऊन पातळी उतरवली की छिद्र उघडे पडते, हवेचा बुडबुडा आत शिरतो, तेवढे पाणी बाहेर येते आणि छिद्र पुन्हा झाकले जाते. शरबताच्या नळीचे वरचे तोंड बोटाने दाबून ती पेल्याबाहेर काढली तरी आतील शरबत सांडत नाही, त्यामागचे कारण तेच येथेही आहे, आणि ते म्हणजे बाहेरून दाबणारी हवा. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेलीने १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीने हा हवेचा दाब दाखवून दिला. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात तो किंचित कमी असला, तरी साडेनऊ मीटरच्या आसपास उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरण्याइतका असतोच. दोन लिटरची बाटली त्यापुढे काहीच नाही.

असे असूनही घरी केलेली उपडी बाटली अनेकदा गळते, आणि ती का गळते हे कळल्याखेरीज तिची दुरुस्ती होत नाही. बाटलीच्या वरच्या भागाला, म्हणजे मूळच्या बुडाला, केसाएवढी चीर असली तरी तेथून हवा शिरते आणि सगळे पाणी वाहून जाते, हे पहिले कारण. दुसरे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अर्ध्या रिकाम्या बाटलीतील हवा सकाळच्या २५ अंशांवरून दुपारच्या ४० अंशांपर्यंत तापली की ती सुमारे पाच टक्के प्रसरण पावते, आणि वाढलेल्या बाष्पाचा दाब मिळवला तर ही वाढ दहा टक्क्यांच्या घरात जाते. बाटलीत एक लिटर हवा असेल तर सुमारे शंभर मिलिलिटर पाणी कोणी न पिताच ताटलीत ढकलले जाते आणि काठावरून खालच्या भुशात सांडते. यासाठी उपडे पाणपात्र सावलीत ठेवावे, शक्य तितके भरलेले ठेवावे, आणि दाबली की चेपणारी शीतपेयाची पातळ बाटली न वापरता जाड भिंतीची बरणी वापरावी. ताटली मातीची असेल तर दुहेरी लाभ होतो: माठाप्रमाणे तिच्यातून पाणी झिरपून वाळते आणि उरलेले पाणी थंड राहते.

पिंजऱ्याला बाहेरून टांगायची, वाकड्या धातूच्या नळीची सशाची बाटली याच तत्त्वावर चालते. नळीचे टोक थोडे आत वळवलेले असते आणि त्यावर आतून एक छर्रा टेकलेला असतो. जिभेने छर्रा मागे सारला की थेंब बाहेर येतो, त्याच्या जागी बुडबुडा वर जातो आणि छर्रा पुन्हा टोकावर बसतो. ही नळी घरी करणाऱ्यांचा मोह सायकलच्या चाकातील जुना छर्रा बसवण्याचा असतो. तो टाळावा, कारण साध्या पोलादाचा छर्रा काही दिवसांतच गंजतो, खडबडीत होतो आणि मग एकतर गळत राहतो किंवा अडकून बसतो. गंजरोधक पोलादाचा छर्रा आणि त्याच धातूची नळी मिळत नसेल तर नळी विकत आणावी आणि फक्त बाटली घरची वापरावी. पिंजऱ्याच्या आत जाणारा कोणताही भाग प्लॅस्टिकचा नसावा, कारण सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि समोर येईल ते कुरतडणे ही त्याची शारीरिक गरज आहे.

या बाटलीविषयी बाजारात जेवढा विश्वास आहे तेवढा संशोधनाने सिद्ध केलेला नाही. झुरिच येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उघडे भांडे आणि निपल, म्हणजे चाटल्यावर पाणी सोडणारी झडप, यांची तुलना करता ससे उघड्या भांड्यातून अधिक पाणी पितात, असे आढळले. हे साहजिकच आहे: भांड्यातून ससा मान खाली घालून सलग घोट घेतो, तर नळीतून त्याला थेंब थेंब चाटावे लागते. दुसऱ्या बाजूला, उघड्या भांड्यात लेंड्या पडतात, ससा ते पायाने उलथवतो, आणि मादीच्या गळ्याखालची लोंबती कातडी पुन्हा पुन्हा भिजून तेथे जखमा होतात. म्हणून उन्हाळ्यात दोन्ही ठेवणे शहाणपणाचे ठरते. मातीचे जड परळ सहज उलथत नाही. ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, जमिनीपासून थोडे वर, तारेने बांधून ठेवले की त्यात घाणही कमी पडते.

पाचपेक्षा अधिक प्राणी असतील तर बाटल्या भरण्याचे काम कंटाळवाणे होते आणि कंटाळा आला की चूक होते; अशा वेळी बादली, नळी आणि निपल ही रचना उपयोगी पडते. निपल म्हणजे आत बारीक खिट्टी असलेली छोटी झडप: प्राण्याने चोचीने किंवा जिभेने खिट्टी हलवली की पाणी सुटते, सोडली की बंद होते. कोंबडीचे निपल नळीच्या खालच्या अंगाला उभे बसते आणि कोंबडी मान वर ताणून त्याला चोच लावते; सशाचे निपल आडवे किंवा तिरपे बसते. ही दोन निपले एकमेकांच्या जागी वापरू नयेत. कोंबड्यांसाठी आठ-दहा पक्ष्यांमागे एक निपल धरतात, परंतु एखादे बंद पडल्यास सगळा कळप तहानलेला राहू नये म्हणून पाचच कोंबड्या असल्या तरी दोन निपले बसवावीत.

घरगुती मांडणीतील बहुतेक अपयश दाबाच्या चुकीतून येते. पाण्याचा स्तंभ दहा मीटर उंच असला की तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब तयार होतो. तीन मजली घराच्या गच्चीवरील टाकीतून थेट तळमजल्यावरच्या खुराड्यात नळी आणली तर एवढा दाब निपलांवर येतो, मग काही निपले सतत ठिबकतात आणि काहींची खिट्टी कोंबडीच्या चोचीला हलतच नाही. यावर उपाय म्हणजे मधली बादली. टाकीचे पाणी आधी खुराड्याजवळच्या बादलीत येते, तेथे हवा थंड करणाऱ्या कूलरमध्ये असतो तसला प्लॅस्टिकचा फ्लोट व्हॉल्व्ह पातळी भरली की प्रवाह बंद करतो, आणि निपलांना मिळतो तो केवळ बादलीच्या उंचीचा दाब. बादलीचे बूड निपलांपेक्षा हात-दीड हात वर असले की पुरते. ज्यांच्याकडे गच्चीवर टाकी नाही त्यांनी फ्लोट न बसवता नळाच्या दिवशी बादली हाताने भरली तरी बाकी रचना तीच राहते.

बादलीला छिद्र अगदी तळाशी न पाडता दोन बोटे वर पाडावे, म्हणजे गाळ खालीच राहतो. त्यात रबरी वायसरसह टँक कनेक्टर आवळून पुढे एक लहान कॉक, मग बारीक जाळीची गाळणी आणि त्यापुढे अर्धा इंची पीव्हीसी पाइप किंवा ठिबक सिंचनाची १६ मिलिमीटरची काळी लॅटरल जोडावी. निपल आट्यांचे असेल तर पाइपला पाडायचे छिद्र आट्यांच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान असावे, म्हणजे आटे प्लॅस्टिकमध्ये स्वतःची वाट काढत घट्ट बसतात. तरीही सांध्यावर टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे द्यावेत. सांधे सोल्युशनने चिकटवले असतील तर ते एक दिवस पूर्ण वाळू द्यावेत आणि वास जाईपर्यंत पाइप दोन-तीन वेळा पाण्याने धुऊन टाकावा. सर्वांत शेवटी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. आडव्या पाइपमध्ये हवा अडकून बसली की पलीकडच्या निपलांना पाणी पोहोचत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तर बादली भरलेली दिसते. पाइपच्या दूरच्या टोकाला एल्बो लावून एक पारदर्शक नळी बादलीच्या वरच्या काठापेक्षा उंच उभी केली आणि तिचे तोंड जाळीने झाकून उघडे ठेवले, तर अडकलेली हवा तेथून निघून जाते आणि बादलीत किती पाणी उरले आहे हेही त्या नळीत लांबूनच दिसते. संपूर्ण मांडणीत सर्वांत स्वस्त असलेला हा नळीचा तुकडाच सर्वांत उपयोगाचा आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात प्लॅस्टिकचे डबे, कॅन आणि निळे पिंप यांची टंचाई कधीच नसते; चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगार गोदामांची मोठी वस्तीच उभी राहिली होती, जिच्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने मोठी पाडकामाची कारवाई केली. या मालाचा मोह घातक ठरू शकतो. ज्या पिंपात शीतक तेल, आम्ल, रंग किंवा द्रावक साठवले गेले त्याच्या भिंतीत ते रसायन थोडेफार मुरते आणि कितीही धुतले तरी पुढे पाण्यात उतरत राहते; चिठ्ठी फाडलेली असेल तर आत काय होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. खाद्यतेलाचे रिकामे डबे, पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार किंवा घरातील जुनी बादली एवढ्यावरच थांबावे. पारदर्शक जार वापरायचा असेल तर त्याला काळा रंग द्यावा किंवा गोणपाट गुंडाळावे, कारण प्रकाशाशिवाय शेवाळ वाढत नाही आणि ओले गोणपाट पाणी गारही ठेवते.

प्रकाश अडवला तरी नळीच्या आतील भिंतीवर जिवाणूंचा एक बुळबुळीत थर साचतोच. त्याला बायोफिल्म म्हणतात. बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागते ते हेच. निपलात न प्यायलेले पाणी दिवसभर उन्हात कोमट होत राहिले की हा थर भराभर वाढतो, म्हणून नळाच्या दर दिवशी बादली विसळावी, आठवड्यातून एकदा नळीचे टोक उघडून जोराने पाणी सोडावे आणि प्राण्यांना तात्पुरते दुसरे भांडे देऊन नळीत ब्लीचिंग पावडरचे सौम्य निवळ काही तास भरून ठेवून नंतर ती स्वच्छ धुवावी. पिल्ले आणल्यावर पहिल्या तासांत गूळपाणी देण्याची आपल्याकडे चांगली प्रथा आहे. ते मात्र उघड्या ताटलीतच द्यावे, कारण गुळाचे पाणी नळीत गेले की तो थर अधिक वेगाने वाढतो आणि निपले चिकटतात.

पाण्यातून औषध किंवा लस देताना पाणपात्राचे ज्ञान कामी येते. राणीखेत या विषाणुजन्य रोगावरील लासोटा लस पिण्याच्या पाण्यातून देता येते, आणि वाकडपासून जवळच असलेल्या औंधमध्ये राज्याचे पशुसंवर्धन आयुक्तालय तसेच पशू-पक्ष्यांच्या लसी बनवणारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे. ही लस जिवंत विषाणूंची असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन तिला निकामी करते. त्यामुळे लसीकरणाच्या दिवशी क्लोरीन नसलेले गार पाणी घेऊन त्यात थोडी साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळावी, कोंबड्यांना आधी तास-दोन तास तहानलेले ठेवावे आणि लसीचे पाणी नळीत न सोडता उघड्या भांड्यांतून द्यावे, म्हणजे प्रत्येक पक्ष्याने ते घेतले की नाही हे डोळ्यांनी दिसते. सशांच्या बाबतीत इशारा अधिक कडक आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समुळे पिंपरीचे नाव पेनिसिलिनशी जोडले गेले. तेच पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातील अ‍ॅमॉक्सिसिलिन सशाच्या तोंडावाटे पोटात गेले तर त्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरून घातक जिवाणू माजतात आणि ससा दगावू शकतो. कोंबड्यांसाठी बादलीत टाकलेले प्रतिजैविक त्याच नळीने सशांपर्यंत जाऊ नये, यासाठी दोघांच्या बादल्या वेगळ्या असणेच बरे.

उघडी भांडी ठेवायची तर दोन गोष्टींवर नजर हवी. डेंग्यूचा प्रसार करणारा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून भांडे रोज पालथे करणे आणि बादलीवर झाकण ठेवणे एवढ्यानेच धोका टळतो. कावळे, कबुतरे आणि साळुंक्याही त्याच पाण्यावर येतात व विष्ठा टाकून जातात. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांमध्ये नोंदवला गेला, तेव्हापासून पशुवैद्यक खुराड्यातील पाणी रानपक्ष्यांपासून दूर ठेवण्यावर भर देत आले आहेत. भांडे जाळीच्या आत ठेवले की हे साधते. सांडलेले पाणी भुशात मुरू दिले तर ओलाव्यात कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवणीचे बीज वाढते, त्यामुळे गळके निपल त्याच दिवशी बदलावे.

इतर प्राण्यांचे थोडक्यात सांगता येईल. बदकाला नाक आणि डोळे बुडतील इतके खोल पाणी लागते, निपल त्याच्या कामाचे नाही. त्यासाठी चार इंची पाइप वरून उघडा कापून केलेली पन्हळ योग्य. लाव्ह्यांची आणि कोंबड्यांची एक दिवसाची पिल्ले ताटलीतही बुडून मरतात, म्हणून पहिले काही दिवस ताटलीत खडे किंवा काचेच्या गोट्या टाकाव्यात. गिनीपिग बाटलीच्या नळीत चघळलेले खाद्य ढकलतो, तेव्हा त्याची नळी रोज ब्रशने साफ करावी लागते. शेळी खरकट्या पाण्याला तोंड लावत नाही. तिची बादली कडीत अडकवून तिच्या छातीच्या उंचीवर टांगावी.

पाणपात्र कितीही चांगले झाले तरी रोज बाटलीवर पेनने पातळीची खूण करून दिवसाला किती पाणी संपले हे पाहणे सोडू नये, कारण बहुतेक आजारांत प्राणी आधी पाणी कमी-जास्त पितात आणि बाकी लक्षणे नंतर दिसतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम पाळीव प्राण्याला पुरेसे पाणी न देणे हा मालकाचा गुन्हा मानतो, आणि बादली रिकामी होती हे ठाऊक नव्हते, हे उत्तर तेथे फारसे उपयोगी पडत नाही. एक दिवसाआड नळ येणाऱ्या भागात झाकणाची वीस लिटरची बादली, काळी नळी, प्रत्येक पिंजऱ्यात दोन निपले आणि उन्हाळ्यात शेजारी एक परळ, ही मांडणी सर्वांत भरवशाची ठरते. ती फेब्रुवारीतच करावी, आणि नवे निपल बसवल्यावर प्रत्येक ससा व कोंबडी त्यातून पाणी पिताना प्रत्यक्ष दिसेपर्यंत जुने भांडे काढू नये.